हातोडा उचलण्याआधी एक पावसाळा त्या स्वयंपाकघरात रांधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आजोबांनी १९५८ साली बांधलेले घर, चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले. स्वयंपाकघरात तांबड्या कोब्याची जमीन. एका भिंतीला दोन वैलांची चूल आणि तिच्यावर धुराडे, समोरच्या भिंतीला गॅस आल्यावर बांधलेला कडप्प्याचा ओटा. भिंतीत कोनाडे, कोपऱ्यात मोरी, मागील दाराजवळ जमिनीत बसवलेला रगडा, सागवानी जाळीचे कपाट. पलीकडच्या जेवणाच्या खोलीत नक्षीच्या सिमेंट टाइल. आई तिथेच राहतात, वय चौऱ्याहत्तर. तुम्ही उभयता पुण्याहून निवृत्त होऊन कायमचे परतणार. ठेकेदार म्हणतो, सगळे काढू, मधली भिंत पाडू, व्हिट्रिफाइड टाइल, मॉड्युलर किचन, वर फॉल्स सीलिंग, मेअखेर काम पूर्ण. आई म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत चूल मोडू नका. पत्नी म्हणतात, वाकून वाकून रांधायचे दिवस गेले. आणि तुम्ही विचारता की यातले मूळचे काय ठेवावे आणि काय काढावे.

दोघींचेही बरोबर आहे, आणि दोघींचेही राखता येते. चुकते आहे ते ठेकेदाराचे, कारण त्याने ते घर उन्हाळ्यात पाहिले.

गेली सव्वीस वर्षे मी गोव्यातल्या जुन्या घरांची दुरुस्ती करते, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. काही स्वयंपाकघरे मीच पाडायला सांगितली, काही मालकांचा हात धरून वाचवली. ठरवण्याची माझी रीत साधी आहे. प्रत्येक वस्तूपाशी थांबायचे आणि विचारायचे, ही आज कोणते काम करते आहे? ते काम उद्या कोण करणार? काम संपले असेल तर वस्तू ठेवायची की नाही हा आवडीचा आणि जागेचा प्रश्न. पण काम चालू असेल आणि आपल्याला ते दिसलेच नसेल, तर ती वस्तू काढल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत घर आपल्याला ते दाखवून देते. हे काम मे महिन्यात दिसत नाही. मेमध्ये गोव्यातले प्रत्येक घर कोरडे, हवेशीर आणि शहाणे वाटते. आषाढात दिसते, जेव्हा पंधरा-पंधरा दिवस ऊन नसते आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटते.

चूल आणि छपरापासून सुरुवात करते, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथेच झाली. बार्देशात असेच एक घर होते. नवीन सुनेला धूर सोसत नव्हता, म्हणून मी चूल काढली, धुराडे बंद केले, वाशांखाली जिप्समचे सीलिंग केले. सगळे खूश होते. तिसऱ्या पावसाळ्यात ओट्यावर रोज सकाळी पिठासारखी पिवळट भुकटी दिसू लागली. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. सीलिंगचा एक चौकोन काढून वर हात घातला आणि वाशावर नख दाबले, तर नख आत गेले. पन्नास वर्षे टिकलेले लाकूड तीन वर्षांत भुंग्याने पोखरले होते.

झाले काय होते ते सांगते. लाकडाच्या धुरातली काजळी आणि डांबरासारखा अंश वाशांवर, रिपांवर, कौलांच्या पाठीवर बसतो. तो काळा थर किड्याला लाकडात शिरू देत नाही. शिवाय रोजच्या आचेने छप्पर आतून सुकत राहते. पावसाळ्यात बाहेरून भिजलेले कौल आतल्या उबेने वाळते, आणि कौलांच्या फटींतून वाफ बाहेर जाते. मी चूल विझवली, फटी बंद केल्या आणि वाफेला खालीच कोंडले. त्या छपराच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च मी माझ्या मानधनातून दिला. तेव्हापासून चुलीबद्दल कोणी विचारले की मी आधी मान वर करून वासे बघते.

याचा अर्थ चूल रोज पेटवा असा नाही. बंद खोलीतल्या धुराने बायकांची फुप्फुसे आणि डोळे गेले आहेत, आपल्या सगळ्यांच्या घरांत गेले आहेत. रोजचा स्वयंपाक गॅसवर किंवा इंडक्शनवरच व्हावा. पण मग धुराचे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागेल. वासे कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पॉलिश मारून किंवा घासून ते 'मूळ रंगात' आणायचा हट्ट धरू नका. जिथे काजळी निघाली तिथे बोरॅक्स आणि बोरिक ऍसिडचे द्रावण दोन-तीन हात लावून घ्या. हे द्रावण पाण्याने धुऊन जाते, म्हणून आधी गळकी कौले बदलायची, मगच ते लावायचे. सीलिंग मात्र नको. कौलांतून पडणारा केर आणि उंदीर-पालींचा त्रास होतो हे मला मान्य आहे. त्यासाठी वाशांखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी करा, भिंतीच्या कडेने आणि आढ्याखाली चार बोटे फट ठेवा आणि तिला बारीक जाळी लावा. अंधार वाटत असेल तर चार-पाच काचेची कौले घाला. गोव्यातल्या स्वयंपाकघरात उजेड आणण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

आता चूल ठेवायची का? धुराडे ओढ घेते का ते आधी पाहा. वैलात चार करवंट्या आणि एक चुडत, म्हणजे माडाची सुकी झावळी, पेटवा. धूर सरळ वर गेला तर धुराडे जिवंत आहे, खोलीत पसरला तर आत घरटे असेल किंवा वरचा भाग ढासळला असेल, तो साफ करता येतो. तुमच्या आईंच्या घरी कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे जळण फुकट पडलेले आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळी भावंडे घरी येतात तेव्हा तीस-चाळीस माणसांचे जेवण दोन शेगड्यांवर होत नाही. मोठ्या टोपातले खतखते, उकड्या तांदळाचा मोठा भात याला चूलच लागते. वर्षातले ते पाच-सात दिवस आणि पावसाळ्यातले आठवड्याचे दोन दिवस चूल पेटली, तरी छपराला पुष्कळ होते. म्हणून तुमच्या घरात मी चूल ठेवीन. चुलीच्या बाजूला गॅसचा सिलिंडर मात्र अजिबात नको. तो समोरच्या भिंतीला, शक्य असेल तर भिंतीबाहेरच्या कोनाड्यात, उभा.

आणि इथे मोरीचे एक काम सांगते, जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो. मोरीचे जमिनीलगतचे भोक आणि मागील दाराखालची फट यातून तो बाहेर जाऊ शकतो. मॉड्युलर किचन बसवताना पहिल्यांदा बुजवतात ती हीच भोके. मोरी बंद करून तिथे सिंक उभे करायचे असेल तर खुशाल करा. तुमच्या आईंनी उकिडवे बसून भांडी घासावीत असे मी कधीच म्हणणार नाही. पण जमिनीलगत, वीतभर उंचीच्या आत, बाहेर उघडणारी एक जाळीची खिडकी ठेवाच.

भिंतीबद्दल माझे मत कडक आहे. १९५८च्या घरात खांब-तुळयांचा सांगाडा नसतो. छपराचा सगळा भार चिऱ्यांच्या भिंती उचलतात, आणि ते चिरे पुष्कळदा सिमेंटमध्ये नव्हे, चिखलात लावलेले असतात. पलीकडच्या खोलीत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, गिलाव्याचा हातभर तुकडा काढा आणि सांध्यात पेचकस खुपसा. तो दोन बोटे सहज आत गेला आणि तांबडी माती गळली, तर ती भिंत 'ओपन किचन'साठी पाडायची नाही. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली जोडलेली हवी ही तुमच्या पत्नींची इच्छा रास्त आहे, एकटीने भिंतीकडे तोंड करून रांधणे कोणालाच आवडत नाही. भिंतीच्या मधल्या भागात, कोपऱ्यांपासून दूर, चार फुटांची खिडकी उघडता येते. वर काँक्रीटची पाटली, तिची टोके दोन्हीकडे भिंतीवर नीट टेकलेली, आणि काम चालू असताना छपराला खालून टेकू. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन, बघून, कागदावर काढून द्यायचे काम आहे. ठेकेदाराच्या 'काही होत नाही' वर विसंबू नका.

विजेच्या नळ्यांसाठी या भिंतींत लांब आडवे चर मारणेही टाळा, नळ्या वरून न्या. कोनाडे मात्र सोन्यासारखे आहेत. भिंत दीड फूट जाड, कोनाडा नऊ इंच खोल, म्हणजे ओट्यावर एक इंचही जागा न अडवता मसाल्याचे डबे बसतात. आतून कडप्प्याची पातळ फळी घाला, पुरे. गिलावा चुन्याचा असेल तर त्याची डागडुजी चुन्यानेच करा. चिरा ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल सोडायला वाट उरत नाही, मग रंगाला फोड येतात आणि पांढरे मीठ फुटते. टाइल लावायच्याच तर ओट्यामागे दोन फूट लावा, छपरापर्यंत नेऊ नका.

आता जमीन. तुम्ही लिहिले आहे की पावसाळ्यात कोबा 'घामेजतो', आई एकदा घसरल्या, म्हणून तो काढावासा वाटतो. आई पडल्या ही गोष्ट मी हलकी घेत नाही. पण ती ओल कुठून येते हे कळल्याशिवाय जमीन फोडणे म्हणजे दुखणे न ओळखता औषध देणे. जुलैत एक करा. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक कोब्यावर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक दिवस, एक रात्र तसेच ठेवा. सकाळी उचलताना नीट बघा. प्लास्टिकच्या वरच्या अंगाला पाणी असेल तर ते हवेतले दव आहे, थंड जमिनीवर दमट हवा बसली. त्याला उपाय वाऱ्याचा. पंखा, उघडी खिडकी, अधूनमधून चूल. नवीन टाइलवर तर असे दव जास्तच दिसते आणि ती जास्तच निसरडी होते. खालच्या अंगाला पाणी असेल आणि कोबा गडद झाला असेल, तर ओल जमिनीतून वर येते आहे.

ती जमिनीतून येत असेल तर आत काही करण्याआधी बाहेर जाऊन मागील अंगण बघा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अंगणात पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, घालायची पद्धत पडली. जुन्या जमिनीवर खडी, तिच्यावर वाळू, वर पेव्हर. अंगण सहा-आठ इंच वर येते आणि जोत्याची उंची तेवढीच कमी होते. पागोळ्यांचे पाणी पूर्वी उतरून कुळागरात जायचे, ते आता भिंतीच्या पायाशी थांबते. गेल्या दहा वर्षांत 'जुनी जमीन खराब झाली' म्हणून मला दाखवलेल्या घरांपैकी कितीतरी घरांत आजार पेव्हरचा होता. भिंतीलगतची दोन फूट पट्टी उकरा, जमीन पूर्वीच्या पातळीला आणा, उताराचे गटार काढा. पुढच्या पावसाळ्यात तोच कोबा कोरडा राहिलेला मी पाहिला आहे.

तांबडा कोबा एकसंध असतो. तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि एकदा फोडला की तसा पुन्हा घालून देणारा मेस्त, म्हणजे गवंडी, मिळणे कठीण. म्हणून तो काढायचा निर्णय मी नेहमी सर्वांत शेवटी घेते. बारीक केसासारख्या भेगा चालतात. जिथे जमीन खचून मोठी भेग पडली असेल तिथे वेडावाकडा तुकडा बुजवू नका. जुन्या तांबड्याशी नवा तांबडा कधीच जुळत नाही, तो डाग आयुष्यभर दिसतो. त्यापेक्षा सरळ चौकोन कापा आणि तो काळ्या कोब्याने भरा. आपल्या जुन्या घरांत तांबड्या जमिनीला काळी किनार असायचीच, डोळ्याला ते खटकत नाही. मोरीपुढे किंवा सिंकपुढे आणि मागील दारापाशी, जिथे पाणी सांडतेच, तिथे खडबडीत दगडाची अडीच फुटी पट्टी घाला. आई घसरल्या ती जागा बहुधा तीच असेल.

जेवणाच्या खोलीतल्या नक्षीच्या टाइल ही वेगळी गोष्ट आहे. त्या भट्टीत भाजलेल्या नसतात. रंगीत सिमेंट साच्यात ओतून, मागे साधे सिमेंट भरून, प्रेसखाली दाबून केलेल्या असतात. वरचा रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून साठ वर्षे पायांखाली झिजूनही नक्षी पुसली जात नाही. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज १९२२पासून हेच काम करते, म्हणजे तशा टाइल आजही बनतात. पण तुमच्या घरातल्या कुठून आल्या ते एक टाइल उलटी करून बघाच. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर इथे मुरगाव बंदरातून बाहेरचा माल पुष्कळ यायचा, आणि त्या वर्षांत बांधलेल्या घरांत कुठल्या देशाचा शिक्का निघेल सांगता येत नाही. नळाच्या मानेवरही शिक्का शोधा.

उलटी करण्यासाठी कपाटाखालची एखादी टाइल निवडा. मेस्ताला म्हणावे, हातोडी नको, आधी सांधा पातळ पात्याने मोकळा कर, मग पटाशी खालून सरकव. चुन्यात बसवलेली असेल तर ती पोळीसारखी सुटते, आणि पाठीला चिकटलेला चुना बोटाने खरवडता येतो. सिमेंटात असेल तर कोपरा तुटेल. चुन्यातल्या टाइल तुम्ही उचलून, खालचा भराव नीट करून, परत तिथेच लावू शकता. सिमेंटातल्या हलवायच्या नाहीत, आहेत तिथेच जपायच्या. त्यांना वर्षानुवर्षे लोक बाथरूमचे ऍसिड टाकून 'स्वच्छ' करतात, ते पाहून माझा जीव तुटतो. ऍसिड सिमेंट खाते. लिंबू, चिंच, सोलांचे आगळ सांडले तरी लगेच पुसायचे. साधा साबण आणि पाणी पुरते. आणि या टाइलच्या डोक्यावर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवायला परवानगी देऊ नका. तो चिकटवण्याचा मसाला पुन्हा कधी निघत नाही, आणि उंबरठ्याशी आईंच्या पायाला ठेच लागेल अशी पायरी तयार होते.

कडप्प्याच्या ओट्याबद्दल मी तुमच्या पत्नींच्या बाजूची आहे. तो तीस इंच उंच आहे असे तुम्ही मोजून लिहिले आहे. त्या काळी ओटे असेच बांधत. पाठदुखी त्याचीच. पत्नींना पोळी लाटायच्या पवित्र्यात उभे करा, कोपर वाकवून, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की ओट्याची उंची मिळते. बहुतेकींना ती तेहतीस-चौतीसच्या आसपास येते. शेगडीचा भाग त्याहून दोन इंच खाली ठेवला तर टोपात डोकावता येते. आणि आई खुर्चीवर बसून नारळ खवतील, भाजी निवडतील यासाठी टेबलाच्या उंचीचा एक छोटा तुकडा खिडकीपाशी असू द्या. रांधणारी दोन माणसे दोन उंचींची असतील तर ओटाही दोन उंचींचा हवा.

पण ओटा उंच करायला कडप्पा फेकावा लागत नाही. लादी लांब असेल तर ती खालून फळी लावून दोघातिघांनी उचलायची, कारण तो दगड लांबीत चटकन मोडतो. खालच्या दगडी पाळ्यांवर तीन-चार इंच बांधकाम चढवून लादी परत बसवायची. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, त्याला आंबटाचे पांढुरके डाग पडतात. पण पुन्हा घासला, खोबरेल तेलाचा हात फिरवला की काळाभोर होतो. ग्रॅनाइट टिकाऊ आहे, डाग घेत नाही, ते घालायचे असेल तर मी अडवणार नाही. ओट्याखालचा सांगाडा मात्र विटांचा आणि कडप्प्याच्या आडव्या-उभ्या पाळ्यांचाच ठेवा. तो मॉड्युलरपेक्षा इथे कैक पटींनी चांगला आहे. भुशाच्या दाबलेल्या फळ्या आपल्या पावसाळ्यात पुरीसारख्या फुगतात, बिजागऱ्यांचे स्क्रू निघून येतात, आणि पाठीमागे वाळवी घर करते ते वर्षभर कळतही नाही. दगडी पाळ्यांपुढे फक्त दारे आणि स्टीलचे ड्रॉवर लावा. दारांसाठी ७१० क्रमांकाचे भारतीय मानक असलेला मरीन प्लाय घ्या, शिक्का बघून. तुमच्या पत्नींना हवी ती सगळी सोय यात होते, फक्त सांगाडा सडत नाही.

जाळीचे कपाट ठेवा, फ्रिज असला तरी. कांदे-बटाटे, केळी, रात्रीचे झाकून ठेवलेले पेज-कालवण यांना वारा लागतो. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत, हे आई तुम्हाला सांगतीलच.

रगडा काढा म्हणायला मला जड जाते. नारळाच्या वाटपाची तशी चव मिक्सरला येत नाही, हे खरे आहे. पण तो तुमच्याकडे मागील दाराच्या वाटेत आहे, आईंच्या गुडघ्यांना आता खाली बसणे जमत नाही, आणि पत्नींनी तो कधी वापरलेला नाही. त्याचे काम तिथे संपले आहे. मागच्या पडवीत, भिंतीशी, कमरेएवढ्या बांधीव चौथऱ्यावर बसवा. उभे राहून वाटता येते. माझ्या एका घरात असा उचलून बसवल्यावर तो पुन्हा वापरात आला.

आता ज्यावर विचार करायचाच नाही ते. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरी, बॅकेलाइटची बटणे, चिनी मातीचे फ्यूज, सगळे काढा. त्या काळच्या वायरीचे आवरण बोटाने चुरडते आणि अर्थिंग बहुधा नसतेच. इंडक्शन, ओव्हन, गिझर यांना प्रत्येकी वेगळी जाड वायर आणि १६ अँपिअरचा प्लग, आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारे बटण. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्या घरात हा खर्च पहिला. लोखंडी नळ आतून गंजलेले असतात, तेही बदला. पितळी तोट्या जपून ठेवा, नवीन वायसर घातले की पुन्हा चालतात. धुराड्याचा वरचा भाग किंवा मागच्या पडवीचे पत्रे राखाडी सिमेंटचे असतील तर त्यात ऍस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ते फोडायचे, करवतायचे किंवा घासायचे नाहीत, पाण्याने भिजवून अख्खे उतरवायचे. खिडक्यांच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्याकडे रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग अशी २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांची खात्री नाही. सुकी सँडपेपर मारू नका, ओले करून खरवडा, आणि नातवंडे घरात असताना तर नकोच.

दगड-लाकडाची नसलेली एक गोष्ट. घर आजोबांचे, म्हणजे आपल्या नागरी कायद्याप्रमाणे त्यात तुमच्या भावंडांचा आणि बहुधा त्यांच्या जोडीदारांचाही हिस्सा असेल. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झाली नसेल तर भिंत उघडण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या, वकिलाला विचारून. पंचायतीची परवानगी कुठल्या कामाला लागते तेही आधीच विचारा. काम निम्म्यावर असताना बहिणीचा निरोप आला आणि उघडे छप्पर पावसात सापडले, असे एक घर मी पाहिले आहे. ते आठवले की अजून वाईट वाटते.

नव्याने काही करण्याआधी तुम्ही दोघे एकदा बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात जाऊन या, आणि तोर्ड्याच्या हाउसेस ऑफ गोवा या संग्रहालयातही. आपल्या घरातल्या कुठल्या वस्तूला काय म्हणत आणि ती कशासाठी असे, हे पाहिल्यावर निर्णय सोपे होतात.

वेळेचे असे करा. मेअखेरची घाई सोडा. पावसाळ्याच्या आधी येऊन राहा, आहे त्याच स्वयंपाकघरात रांधा. पत्नींनी एक वही ओट्यावर ठेवावी, कुठे वाकावे लागले, कुठे अंधार पडला, कुठे पाणी साचले, कुठली फळी सारखी हाताला लागली, ते लिहावे. आईंना मध्ये बसवून विचारा की हे इथे का आहे. प्लास्टिकची चाचणी जुलैत. चवथीला सगळे जमतील तेव्हा कोण कुठे उभे राहते ते बघा, भावंडांशी बोलणेही तेव्हाच उरकेल. वायरी आणि बाहेरचे गटार दिवाळीनंतर लगेच, छप्पर जानेवारीत, ओटा आणि जमीन सर्वांत शेवटी. तोवर ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका. आणि जेवणाच्या खोलीतली ती एक टाइल उलटी केलीत की तिच्या पाठीचा फोटो मला जरूर पाठवा.